दारावरची भिंत

नवं घर बघायला आलेला पाहुणा दाराच्या नक्षीवर हात फिरवतो, कडी वाजवून बघतो, जनेलं उघडून वारा कुठून येतो ते विचारतो. चौकट संपते तिथून वर वीतभर पट्ट्यात काय आहे, हे मला आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही. तिथे लिंटल असतो. माझी उभी हयात लिंटल घालण्यात गेली.

मी पेडणे तालुक्यातला गवंडी. लोक मला बाबल मेस्त्री म्हणतात. आमच्याकडे भिंती चिऱ्यांच्या. चिऱ्यावर चिरा बसतो आणि वरचं वजन खाली जमिनीत जातं. पण माणसाला आत जायला दार हवं, उजेडाला जनेल हवं. म्हणजे भिंतीला भोक आलं. त्या भोकावरच्या चिऱ्यांनी बसायचं कशावर? ओढ्यावर जसा साकव टाकतात तसा दारावर लिंटल टाकायचा. जुन्या घरांत तो फणसाच्या नाहीतर किंदळाच्या लाकडाचा असे, आता सिमेंट आणि सळयांचा. साकवाची दोन्ही टोकं काठावर चांगली आत टेकलेली हवीत, तशीच लिंटलचीही भिंतीत हवीत. निदान वीतभर. ह्याला आम्ही टेकण म्हणतो. टेकण कमी पडलं की पुढचं सगळं व्यर्थ.

चौकट मात्र वजन उचलायला नसते. ती दार अडकवायला असते. हे एवढं ध्यानात ठेवा.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. हरमलला एकाला खोलीची समुद्राकडची सगळी भिंतच नको होती. "मेस्त्री, पावण्याक खाटीवर पडल्या पडल्या दर्या दिसाक व्हयो. मदी खांब येता नये, वर पट्टो दिसता नये." मी म्हटलं, मग छप्पर कोण धरणार? तो म्हणाला, "ता तुमचा काम." साखळीला एक निवृत्त शिक्षिका होत्या. चौदा दिवसांनी लिंटलखालचे टेकू काढायला गेलो तर त्यांनी टेकूंना दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. "एकवीस दिवस झाल्याशिवाय हात लावायचा नाही," म्हणाल्या. मी हसलो, पण परत गेलो. त्या घरात आजतागायत केसाएवढी भेग नाही. माझं सगळ्यात चांगलं काम कुठलं असं कोणी विचारलं तर मी तेच घर दाखवीन, आणि त्याचं निम्मं श्रेय त्या कपड्यांच्या दोरीचं आहे.

आता माझ्या वाईट कामाबद्दल लिहितो.

पेडण्याहून हरमलला जाताना वाटेत एक गाव लागतो. तिथे तातूकाका आणि मुक्ताकाकी राहत. तातूकाका खाणीवर ट्रक चालवायचे, दणकट माणूस. एक दिवस सकाळी दात घासताना खाली पडले आणि उजवी बाजू गेली. महिनाभर हॉस्पिटलात होते. त्यांना घरी आणायच्या आदल्या दिवशी मुक्ताकाकींनी मला बोलावून घेतलं. सोप्यावर चाकांची खुर्ची होती, कोणीतरी दिलेली. काकींनी ती ढकलत खोलीच्या दारापर्यंत नेली. दोन्ही चाकं चौकटीला अडली.

"बघलंस?" त्या म्हणाल्या. "उद्या तेका हाडतत. खोलयेत गेलो काय परत भायर येवचो नाय. तो काय भिंतीकडे बघीत रवतलो?"

दार अडीच फुटी होतं. खोलीची ती भिंत वर आढ्यापर्यंत गेलेली. अर्ध्या छपराचा भार तिच्यावर. नियमाने करायचं तर भिंतीला दोन्ही अंगांनी टेकू द्यायचे, जुना लिंटल काढायचा, लांब नवा घालायचा आणि तो पक्का होईपर्यंत पंधरा दिवस तिथे कोणी वावरायचं नाही. आणि माणूस उद्या येणार होता.

माझ्याकडे दुसऱ्या कामावरची तीन फुटी चौकट पडून होती. मी ती आणली. छिन्नी घेऊन दाराच्या एका बाजूचे चिरे सहा-सात इंच तासले आणि चौकट बसवली. वर लिंटल जुनाच राहिला. त्या बाजूला त्याचं टेकण वीतभर होतं, ते आता तीन बोटं उरलं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. मग वरून गिलावा ओढला.

"काकी, ह्या तात्पुरता," मी म्हटलं. "पावसाआदी येवन नीट करून दितंय."

"बरा हां बाबल," काकी म्हणाल्या आणि रिकामी खुर्ची तीनदा आतबाहेर करून बघितली.

मी गेलो नाही. हरमलला तेव्हा घरोघर पाहुण्यांसाठी खोल्या निघत होत्या, मला जेवायला सवड नव्हती. त्या रस्त्याने रोज जायचो. सोप्यावर खुर्चीत तातूकाका बसलेले दिसायचे. माझी मोटरसायकल ओळखून डावा हात वर करायचे. मीही करायचो. सगळं ठीक आहे असं मनाशी म्हणायचो. अशी चार वर्षं गेली आणि ते वारले.

बाराव्याला गेलो होतो. पानावर बसलो तिथून समोर ते दार दिसत होतं. कोपऱ्यातून एक बारीक भेग निघून वर तिरकी गेली होती. कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग काय सांगते हे मला नाही तर कोणाला कळणार? पण असल्या दिवशी कसं बोलायचं, असं म्हणून मी खीर वाढून घेतली. नंतरही बोललो नाही.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझे गुडघे कुरकुरू लागले आणि मी काम सोडलं. गेल्या पावसाळ्यात सात-आठ दिवस पाऊस खळला नाही. अशातच एका सकाळी दहाच्या सुमारास मुक्ताकाकींच्या शेजारच्या प्रकाशचा फोन आला.

"मेस्त्री, काकी खोलयेत अडाकली. दार उघडणा नाय. पावसान फुगला वाटता. पहार घातलेली, तरीय हलणा नाय. फोडून काडू काय?"

मी विचारलं, "दाराच्या वर बघ. चीर आसा?"

तो दाराकडे गेल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "आसा. बोट जायत येवडी."

"पहार खाली ठेव. दाराक हात लावू नको. कोणाकच लावूक देव नको. मी येतंय."

स्कूटरवर पंधरा मिनिटं लागली असतील. अंगावर रेनकोट होता की नव्हता, आठवत नाही.

सोप्यावर चार-पाच माणसं जमली होती. मी दाराकडे बघितलं. मी तासलेल्या बाजूला लिंटल दोन बोटं खाली उतरला होता. छपरातून गळलेलं पाणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात मुरत होतं. त्या तीन बोटांखालच्या चिऱ्याचा भुगा झाला होता. लिंटलचं टोक आता चौकटीवर बसलं होतं, चौकटीचा माथा मधे वाकला होता आणि त्याने दाराला वरून चिमटीत धरलं होतं. दार फुगलेलं नव्हतं. वरची अख्खी भिंत त्याच्यावर बसली होती. प्रकाशने दार फोडलं असतं तर ती खाली आली असती.

तेवढ्यात दार आतून थरथरलं आणि वरून भुगा पडला.

"काकी!" मी ओरडलो. "ढकलू नकात!"

"कोण? बाबल?" आतून आवाज आला. "रे, खांद्यान रेटलंय तर थोडा हलला. तुमी भायरसून वडा."

"काकी, हात काडा. दाराकडसून लांब जावा. जनेलाकडे जावन उभी रवा."

"कित्याक?"

"वरची भिंत दारावर बसली हा."

मग जनेलाच्या बाजूने पावलं ऐकू आली.

प्रकाशच्या मागीलदारी मांडवासाठी पोफळीचे वासे ठेवलेले होते. ते मागवले. सोप्याच्या बाजूने लिंटलखाली फळी लावली, फळीखाली दोन वासे उभे केले आणि वाशांच्या बुडाशी पाचरी ठोकायला बसलो. हे काम जोराचं नाही. पाचर जास्त ठोकली तर लिंटल उचलला जातो आणि दुसरं टोक निसटतं. कमी ठोकली तर टेकू नावालाच. एक टोला मारायचा, लाकूड काय बोलतं ते ऐकायचं, मग दुसरा. प्रकाश माझ्याजवळ येऊन वासा धरू लागला, त्याला मी मागे पाठवला. "तू जनेलाचे गज काप. लोखंडाची करवत आसा मरे तुझ्याकडे?" त्या भिंतीखाली एकानेच बसायचं होतं, आणि तो मीच असायला हवा होता. का, हे त्याला माहीत नव्हतं.

वासे ताठ झाले. वरचा भुगा थांबला. मी मागे जनेलापाशी गेलो. प्रकाशने एक गज कापला होता. फट झाल्याबरोबर आतून मांजर उडी मारून निघून गेलं. दुसरा गज कापला, तिसरा कापला. बाहेर स्टूल ठेवलं.

काकी आत उभ्या होत्या. पंचाहत्तरीच्या, बारक्या, केस पांढरेशुभ्र. त्यांनी जनेलाकडे बघितलं, बाहेर जमलेल्या माणसांकडे बघितलं.

"मी जनेलातसून येवची नाय," त्या म्हणाल्या. "ह्या घरात मी दारातसून इलंय. चोरासारकी जनेलातसून भायर पडू? तू टेकू दिलंस मरे? मग दार काड."

"काकी, टेकू भायरसून दिलो हा. आतसून काय नाय."

"मग आतसून दी."

"तुमी भायर इल्याबिगर मी आत कसो येव?"

"तू मेस्त्री मरे? तुका कळता."

मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाला बोललो नव्हतो ते बोललो. "काकी, माका भेव वाटता."

त्या जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला. आधी औषधांची पिशवी बाहेर दिली. मग खाटेवर चढून जनेलावर बसल्या, प्रकाशच्या बायकोने आणि मी दोन्ही बाजूंनी धरलं. स्टुलावर पाय टेकला आणि त्या बाहेर आल्या. अंगात काडीएवढंही वजन नव्हतं.

त्या प्रकाशच्या पडवीत जाऊन बसल्या असतील-नसतील, तोच खोलीत धपधप आवाज झाला. लिंटल टेकूवर राहिला, पण त्याच्या वरचे आतल्या अंगाचे तीन चिरे निसटून खाली आले होते. मी जनेलातून डोकावलो. ते दाराशी पडले होते. थोड्या वेळापूर्वी काकी जिथे उभ्या राहून खांद्याने रेटत होत्या, बरोबर तिथे.

दुपारी काकींची मुलगी शुभांगी साखळीहून आली. रस्त्यापासून धावत आलेली, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. आईला मिठी मारून रडली. मग प्रकाशकडून सगळं ऐकून माझ्याकडे आली आणि हात जोडले.

"मेस्त्री, देवासारखे आलात. तुम्ही नसतात तर..."

तिथेच मान हलवून घरी गेलो असतो तर आज गावात माझं नाव वेगळ्या तऱ्हेने घेतलं गेलं असतं. खरं सांगतो, तसं मनात आलंही. पण ती हात जोडून समोर उभी होती आणि ते हात मला बघवेनात.

मी म्हटलं, "शुभांगी, ह्या माझ्यामुळे झाला. दार रुंद केलेला तेवा टेकण मी तासलेला. नीट करतंय म्हणून सांगलेलंय, आनी केलंय नाय."

तिने हात खाली घेतले. "तुमका म्हायत होता?"

"होय."

"बाबांच्या बाराव्याक इल्लात तेवा?"

"तेवाय चीर बघलेलंय."

ती माझ्याकडे पाठ करून अंगणातल्या पावसाकडे बघत उभी राहिली. प्रकाश करवत पुसू लागला. मघापर्यंत माझ्यासाठी धावाधाव करणारी त्याची बायको चहाचा कप माझ्यासमोर ठेवून आत निघून गेली.

मुक्ताकाकी चहात उंडो पाव बुडवून खात होत्या. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. तो संपवला, बोटं पदराला पुसली आणि मला म्हणाल्या, "बस हय."

मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसलो.

"चार वर्सां तो त्या दारातसून भायर येवन सोप्यार बसलो. येणाऱ्या जाणाऱ्याक हात करी. ता दार तू एका दिसात केलंस म्हणान. ता मी विसरूचंय नाय." त्या थांबल्या. "आनी आज त्याच दारान माका घेतलेला. ताय मी विसरूचंय नाय. दोनय माझ्याकडे रवतली."

मी पायरीवरचं पाणी बोटाने सारत राहिलो.

"आता माका सांग," काकी म्हणाल्या, "आनी खय खय असा करून ठेवलंस?"

ह्या प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती. मी म्हटलं, आठवून सांगतो. "आठव," त्या म्हणाल्या. "पाऊस आसा अजून."

पाऊस उघडल्यावर त्यांचं दार मी पुन्हा केलं. दुसऱ्या एका गवंड्याला सोबत घेतला, कारण माझ्याने चिरे उचलवत नाहीत. लांब लिंटल, दोन्हीकडे दीड वीत टेकण, सळया मी स्वतः बांधल्या. शुभांगी दर रविवारी यायची आणि माझ्याशी न बोलता काम बघायची. एकदा तिने आपली मापाची टेप काढून टेकण मोजलं. मला वाईट वाटलं नाही. नव्या लिंटलवर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी काकींनी मारलं. शिडीवर चढू नका म्हटलं तर बांबूला डबा बांधून खालून मारलं. टेकू काढले त्या दिवशी त्यांनी मला जेवू घालूनच पाठवला. शुभांगीने वाढलं. आमटी हवी का एवढं विचारलं.

मधल्या काळात मी आठवत होतो. खूप कामं चांगली केली, हे मी मान वर करून सांगू शकतो. पण ज्यांचा विचार आला की मी चटकन दुसरा विचार काढायचो, अशी तीन घरं निघाली.

पहिल्या घरी गेलो तर मालकाने केव्हाच दुसऱ्या गवंड्याकडून जनेल दुरुस्त करून घेतलं होतं. त्याने मला सोप्यावर उभं करून यथेच्छ ऐकवलं. ऐकून घेतलं. दुसरं घर राहिलंच नव्हतं, पाडून तिथे मोठी इमारत उभी होती. मी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि मग त्या श्वासाचीच लाज वाटली.

तिसरं हरमलला, दिगंबरचं. मागच्या खोलीचं जनेल. सीझन तोंडावर आला होता, सळया कमी पडल्या होत्या, चारच्या जागी मी दोनच घातल्या होत्या. दिगंबरला सांगितलं नव्हतं.

आता तो मला बघून खूश झाला. सरबत मागवलं. खोल्या कशा चालतात, रशियन येतात की नाही, सगळं सांगितलं. मी म्हटलं, मागची खोली बघायची आहे. तो म्हणाला, "ती पावण्यांक दीत नाय आता. सून बाळंत झाली हा, ती थय आसा."

दार ढकलून तो मला आत घेऊन गेला. खाट जनेलाखाली होती. सून, कोवळी मुलगीच, उशीला टेकून बसलेली, शेजारी पंधरा दिवसांचं बाळ, कपड्यात घट्ट गुंडाळलेलं. मी लिंटलच्या पोटाकडे बघितलं. मधोमध एक आडवी भेग, सुताएवढी, म्हणजे लिंटल मधे वाकू लागला होता. मी बोट लावून बघितलं, रंगाचा पापुद्रा हातात आला.

आणि मग मी तिथेच, तिच्यासमोर, दिगंबरला सांगून टाकलं.

त्याचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "इतकी वर्सां काय झाला नाय," तो म्हणाला. "आता येवन ह्या कशाक सांगतंस? कोण इचारूक इल्लो तुका?"

"कोण नाय," मी म्हटलं. "आज टेकू लावतंय. उद्या माणूस हाडून काम सुरू करतंय."

"आनी तुझ्यार मी इश्वास ठेवू?"

दिगंबर माझ्याकडे रागाने बघत होता आणि मी जमिनीकडे.

"काका," खाटेवरची मुलगी म्हणाली. आम्ही दोघांनीही तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. बाळाच्या डोक्यावर तिने आधीच हात धरला होता. "खाट खय सारू?"

मी समोरची भिंत दाखवली. ती सलग होती, तिला ना दार होतं ना जनेल. मुलगी उतरायला गेली तर मी तिला बसून राहा म्हटलं, आणि वाकून खाटेचं एक टोक धरलं. दिगंबर क्षणभर तसाच उभा राहिला. मग पुढे आला आणि त्याने दुसरं टोक उचललं.